कॉपीराइटवरून भांडण्याआधी या चुका टाळा

दिवाळी अंक बाजारात आले की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची कविता नाव गाळून फिरतेय, कुणाचा फोटो न विचारता मुखपृष्ठावर लागलाय. मी वकील नाही, पण गेली बारा वर्षं लेखक-चित्रकारांचे करार वाचून देते. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही कशावर सही केली होती? बहुतेकांना आठवत नसतं.

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. मराठवाड्यातल्या एका कथालेखिकेचा अनुभव त्यांना विचारूनच सांगते. त्यांच्या कथेचं ऑडिओ करायचं म्हणून मोबाइलवर एका कंपनीची लिंक आली. मानधन चार हजार रुपये, 'आजच्या आज कळवा' अशी घाई. बाईंनी ओटीपी टाकला आणि विषय संपला. दोन वर्षांनी एक तरुण दिग्दर्शक त्याच कथेवर लघुपट करायचा म्हणून आला, तेव्हा कुठे तो करार माझ्याकडे पोचला. सहा पानं. तिसऱ्या पानावर 'ऑडिओ' या शब्दानंतर स्वल्पविराम, आणि पुढे नाट्यरूपांतर, चित्रपट, भाषांतर, सगळंच. मुदत कायमची. आणि शेवटी बारीक टायपात, 'कलम 19(4) लागू राहणार नाही'.

त्या ओळीनं माझ्या काळजात धस्स झालं. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो, असं ते कलम सांगतं. करारात वेगळं लिहिलं नसेल तर. इथे लिहिलेलं होतं. कंपनीनं परवानगीसाठी जो आकडा सांगितला, तो त्या मुलाच्या अख्ख्या बजेटपेक्षा मोठा होता. लघुपट झाला नाही.

वाईट याचं वाटतं की 1957 चा कायदा लेखकाच्या बाजूनं बराच उभा आहे. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अंकाच्या नोकरीत नसलेल्या लेखकाची सही नसेल, तर अंकात नुसतं 'सर्व हक्क संपादकांकडे' छापून संपादकाला मालकी मिळत नाही. पण हे सगळं कागद गप्प असेल तरच. आपणच 'कायमचे, सर्व माध्यमांत' यावर सही केली की कायदा काय करणार?

कॉपीराइट म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी 'इतर हक्क' असा वेगळा रकाना असतो, तसं हे आहे. छापण्याचा हक्क वेगळा, भाषांतराचा वेगळा, ऑडिओचा वेगळा, सिनेमाचा वेगळा. कथा पाठवताना मी ईमेलमध्ये एक ओळ टाकायला लावते: 'फक्त या वर्षीच्या अंकात एकदा छापण्यास परवानगी.' वीस सेकंद लागतात. तेवढाही धीर नसेल तर नंतर माझ्याकडे रडत येऊ नये, असं मला खरंच वाटतं.

दुसरी चूक 'साभार'ची. साभार म्हणजे आभार, परवानगी नव्हे. 'आम्ही कुठे पैसे कमावतो' हेही उत्तर नाही. फोटो गूगलवर सापडला म्हणजे तो गूगलचा होत नाही, आणि आपला तर नाहीच. कवितेखालचं नाव खोडून 'कवी अज्ञात' लिहिणारे तर दुहेरी अन्याय करतात. आपलं नाव लावून घेण्याचा आणि रचनेची मोडतोड रोखण्याचा हक्क कलम 57 नं लेखकाला दिलाय. बाकीचे हक्क विकले तरी तो उरतो. मला एखादी कविता आवडली तर मी कवीलाच मेसेज करते. आजवर एकानंही नाही म्हटलेलं नाही.

नोंदणी नाही म्हणून हक्क नाही, हा गैरसमज. लिहिलं की हक्क आला. नोंदणी पुराव्याच्या कामी येते. 'माझी कल्पना चोरली' हेही सोडा. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्येच हे सांगितलंय. लग्नाच्या वरातीतल्या गाण्यांना कायद्यात सूट आहे, पण ती कुठवर ताणायची याला मर्यादा आहे. गोवा सरकारनं 2024 च्या जानेवारीत ही सूट ताणणारं परिपत्रक काढलं आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते रद्द केलं.

आता उलट बाजू. एका कवीनं परीक्षणात आपल्या चार ओळी उद्धृत केल्या म्हणून समीक्षकाला 'तुरुंगात घालीन' असा मेसेज पाठवला. परीक्षणासाठी वाजवी उद्धरण कलम 52 नुसार चालतं. वर कलम 60 आहेच: बिनबुडाची धमकी दिली तर समोरचाच आपल्यावर दावा लावू शकतो. मी त्या कवीला फोन करून मेसेज मागे घ्यायला लावला. परीक्षण झोंबलं होतं, हे खरं कारण. त्याला कायद्याचा मुलामा देऊ नये.

चोरी खरंच झाली असेल तर आधी स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि लिंक दिसेल असा. फेसबुकवर शिव्या दिल्या की समोरचा पोस्ट उडवतो आणि पुरावा जातो. मग संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करा. नियमानुसार त्यांना 36 तासांत मजकूर काढायचा असतो. पण 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो परत लावायची त्यांना मोकळीक आहे. म्हणून तक्रार पाठवली त्याच दिवशी कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाभोवती गोल करा, आणि पहिल्याच आठवड्यात वकिलाकडे जा.