‘थर्ड अँड सेव्हन’ कळलं की फुटबॉल कळला

सप्टेंबर लागला की इथे न्यू जर्सीत सोमवारी सकाळी ऑफिसात एकच विषय असतो: कालची अमेरिकन फुटबॉलची मॅच. नवीन आलेला माणूस त्या गप्पांत एकटा पडतो, म्हणून हे लिहितोय.

सगळे नियम पाठ करायला जाऊ नका. आधी फक्त ‘डाऊन’, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एकेक प्रयत्न, समजून घ्या. मला ते शेजारच्या आजोबांनी टीपॉयवर शिकवलं. एक चिप म्हणजे चेंडू, दहा बोटं पुढे सॉल्साची वाटी. चिप चार वेळा सरकवून वाटीपर्यंत न्यायची. पोचलात तर पुन्हा नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. बोटांऐवजी यार्ड धरा, झालं.

आपल्याला हे सोपं जातं, कारण क्रिकेट अंगात मुरलेलं असतं. इथेही एक चेंडू, मग थांबणं, मग नवी फील्डिंग. पडद्यावर ‘थर्ड अँड सेव्हन’ दिसलं की तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी. पिवळी रेघ दिसते तिथवर जायचंय. ती रेघ फक्त टीव्हीवर असते, मैदानात नाही. तिसराही फसला तर बहुधा पंट करतात, म्हणजे चेंडू लाथेने लांब धाडून देतात. मैदानाच्या टोकाचे खांब टप्प्यात असतील तर चेंडू लाथेने त्यांच्यामधून मारतात, तो फील्ड गोल, ३ गुण. चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, त्याचे ६, वर किकचा १.

घड्याळात १५ मिनिटांचे चार क्वार्टर असले तरी मॅच तीन तास चालते. जेवणाची वेळ त्या हिशेबाने ठरवा.

केबल लगेच घेऊ नका. साधा अँटेना खिडकीत लावा. रविवारी दुपारी १ आणि ४ च्या सुमाराच्या मॅच सीबीएस (२ नंबर) आणि फॉक्सवर (५ नंबर) फुकट दिसतात, रात्रीची एनबीसीवर (४ नंबर). सोमवारची ईएसपीएनवर, गुरुवारची प्राइम व्हिडिओवर. मात्र फुकटात आपल्या भागातल्याच टीमना पहिला मान. ३२ टीमपैकी जायंट्स आणि जेट्स नावाने न्यूयॉर्कच्या, पण दोघींचं मैदान आपल्या ईस्ट रदरफर्डमध्ये. पहिल्याच वर्षी दोघींतली एक टीम निवडा. टीम आपली झाल्याशिवाय हा खेळ मनाला भिडत नाही.

मैदानावर जाणार असाल तर सिकॉकस स्टेशनहून मेडोलँड्सची, म्हणजे स्टेडियमची, गाडी पकडा. मोठी पर्स, पाठपिशवी नको. पारदर्शक पिशवीच चालते. आणि समोरच्यांकडे चेंडू असताना मनसोक्त ओरडा, त्यांच्या क्वार्टरबॅकचे (डाव चालवणाऱ्या खेळाडूचे) इशारे त्याच्या खेळाडूंना ऐकू जाता कामा नयेत. आपल्याकडे चेंडू आला की मात्र अख्खं स्टेडियम गप्प होतं.

कुणी घरी बोलावलं तर नक्की जा. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइट लायन्सची मॅच १९३४ पासूनची परंपरा आहे, आणि फेब्रुवारीतल्या सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, तर घराघरांत माणसं जमतात. जाताना बटाटेवडे न्या. प्रश्न जाहिराती लागल्यावर विचारा, थर्ड डाऊनला नको.