हे काम केंद्राचं की राज्याचं? कसं ओळखायचं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी हा राडा होतोच. कुणीतरी खड्ड्याचा फोटो टाकतं, मग एक जण पंतप्रधानांना शिव्या घालतो, दुसरा मुख्यमंत्र्यांना, आणि रस्ता निघतो महापालिकेचा. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, कुठलं काम कुणाकडे असतं ते कसं शोधायचं.

सुरुवात घटनेच्या सातव्या अनुसूचीपासून करा, मराठीत पीडीएफ मिळते. त्यात तीन याद्या आहेत. संघसूचीत संरक्षण, रेल्वे, बँका, आयात-निर्यात असली कामं, राज्यसूचीत पोलीस, शेती, दारू, सरकारी दवाखाने वगैरे, आणि समवर्ती सूचीत जिथे दोघांनाही कायदा करता येतो ते विषय. शाळेत 97, 66, 47 असे आकडे पाठ केले असतील ते विसरा, मधे बरीच उलथापालथ झालीये, शिक्षण आणि जंगलं 1976 मधे 42व्या दुरुस्तीने राज्यसूचीतून उचलून समवर्तीत टाकली. तिन्हींत कुठेच न बसणारा विषय निघाला तर तो केंद्राचा, शेषाधिकार म्हणतात त्याला.

पण नुसती यादी बघून भागत नाही, लोक इथेच चुकतात. एकाच कामात दोघांचे हात असतात. त्यामुळे तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: कायदा कुणाचा, काम करणारा माणूस कुणाच्या पगारावर, आणि पैसा कुणाचा.

लोकलमधे मोबाईल मारला गेला असं धरा. रेल्वे केंद्राची, म्हणून आपण आरपीएफला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाला गाठतो. पण पोलीस हा विषय राज्याचा, त्यामुळे चोरीचा एफआयआर घेणार जीआरपी, म्हणजे लोहमार्ग पोलीस, आणि ते महाराष्ट्र सरकारचे. आरपीएफचं मूळ काम रेल्वेची मालमत्ता सांभाळणं. दोघंही खाकीत, दोघंही त्याच फलाटावर, त्यामुळे गोंधळ होणारच. रेशनचंही तसंच, धान्य केंद्र देतं पण कार्डावर नाव चढवायला तहसीलचा पुरवठा विभागच लागतो.

रस्त्यासाठी सोपी खूण म्हणजे मैलाचा दगड. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. अर्थात मोठा रस्ता म्हणजे केंद्राचा असं काही नाही हां, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी दोन्ही एमएसआरडीसीचे, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे. आणि ज्याच्यावर कोकणातला माणूस दर गणपतीला तोंडसुख घेतो तो मुंबई-गोवा हायवे राष्ट्रीय आहे, पण पनवेल ते इंदापूर टप्पा एनएचएआयकडे (केंद्राचं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण) आणि पुढचं काम राज्याच्याच बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. म्हणजे शिवी कुठे द्यायची ते गाडी कुठे अडकलीये त्यावर.

आता कांदा. शेती राज्याची, बाजार समितीचा कायदा राज्याचा, पण निर्यात संघसूचीत. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने निर्यात बंद केली, नाशिककडे लिलाव बंद पडले, आणि 4 मे 2024 ला बंदी उठवली तीही 40 टक्के शुल्क लावूनच. या सगळ्यात राज्याच्या हातात दिल्लीला पत्र लिहिण्यापलीकडे फार काही नव्हतं. पण आडत, वजनमाप, चुकारे थकले असली तक्रार असेल तर ती दिल्लीला नेऊन उपयोग नाही, ती इथे राज्यातच.

समवर्तीतली भानगड समजून घ्यायला बैलगाडा शर्यतीसारखं उदाहरण नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा केंद्राचा, 1960 चा, आणि त्याच आधारावर 2014 मधे सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. एरवी दोन कायदे भिडले तर केंद्राचा वरचढ ठरतो. पण कलम 254 मधे एक खिडकी आहे: राज्याने वेगळा कायदा केला आणि राष्ट्रपतींनी संमती दिली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. महाराष्ट्राने 2017 मधे नेमकं तेच केलं, पुढे परत कोर्टकचेरी झाली आणि मे 2023 मधे घटनापीठाने तो कायदा मान्य केला. घाटात आज भंडारा उडतो तो या खिडकीमुळे. (संसदेने मनात आणलं तर नवा कायदा करून हेही फिरवता येतं, तेवढं लक्षात असू द्या.)

पैशाचं शोधायचं तर हॉटेलचं बिल बघा. सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मा निम्मा छापलेला असतो, एक केंद्राचा एक राज्याचा. जीएसटीचे दर कौन्सिलमधे, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या परिषदेत ठरतात, तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला लागतात तीन चतुर्थांश. गणित करून बघा, सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय काही पास होत नाही. हे मला तरी जरा जास्तच एकतर्फी वाटतं, पण ते असो. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर, त्यावर केंद्राची एक्साईज आणि राज्याचा व्हॅट दोन्ही, म्हणून भाव वाढला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दोघंही अर्धे खरे असतात. अजून एक मेख म्हणजे सेस, म्हणजे एखाद्या ठराविक कामाच्या नावाने लावलेला उपकर. केंद्राच्या करातला ठरलेला वाटा राज्यांना जातो, 15व्या वित्त आयोगाने 41 टक्के सांगितला होता, पण सेस आणि अधिभार या वाटणीत धरतच नाहीत. त्यामुळे केंद्राने नुसता कर वाढवला की सेस, हे बजेटच्या दिवशी बघत जा.

एवढं कळलं की मगच अर्ज करा. केंद्राचं काम असेल तर ‘सीपीग्राम्स’ हे तक्रारीचं पोर्टल, राज्याचं असेल तर ‘आपले सरकार’ हे पोर्टल. आरटीआयची पोर्टलं पण दोन वेगळी आहेत, आणि राज्याच्या खात्याचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर टाकलात तर तो परत येतो, 10 रुपये मात्र परत येत नाहीत.