दिवसभर पाईप ओढताय? आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तरी या चुका टाळा

दुपारी दोनची वेळ, बाहेर ४२ डिग्री, समोर कूलर फुल स्पीडवर आणि हातात सकाळी चहासोबत ओढलेला तोच पाईप परत भरून घेतलेला. मग जीभ पोळते, घशाला कोरड पडते, पाईपमधनं गुडगुड आवाज यायला लागतो आणि माणूस म्हणतो तंबाखूच खराब निघाली. तंबाखू बहुतेक वेळा चांगलीच असते हो. चुकतो तो पाईप, चुकते ती वेळ आणि सगळ्यात जास्त चुकते ती घाई.

माझा पहिला पाईप काकांचा. ते जायकवाडीला कामाला होते, सुटले की पाळूवर पाईप घेऊन बसायचे, अर्धा तास कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांनी मला शिकवलं काहीच नाही, मी व्हिडिओ बघून शिकलो आणि तिथंच गडबड झाली, कारण व्हिडिओवाले सगळे थंड, दमट हवेतले लोक. आपल्याकडं मार्च ते जून वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होते, तिथं उघड्या डब्यातल्या तंबाखूचं काय होत असेल विचार करा. म्हणून हे सगळं इथल्या हवेच्या हिशोबानं लिहायलोय.

दिवसभर एकच पाईप

सगळ्यात मोठी चूक हीच. ब्रायरचा पाईप म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते त्याचं लाकूड, ते उष्णता सहन करतं आणि ओलावा पितं. तंबाखू जळताना वाफ सुटते ती त्या लाकडात आणि नळीत जाऊन बसते. एकदा ओढला की त्याला किमान एक दिवस वाळू द्यायचा, नाहीतर आतनं आंबूस वास यायला लागतो आणि कितीही चांगली तंबाखू भरा, चव कडूच. दोन-तीन पाईप असले की पुरे, सकाळचा वेगळा, रात्रीचा वेगळा, एक सुट्टीवर. महागडे घ्यायची गरज नाही, मक्याच्या कणसाचा कॉब पाईप स्वस्त असतो, पहिल्या दिवसापासून चांगला ओढतो आणि नवीन तंबाखू ट्राय करायला त्याच्यासारखा दुसरा नाही.

कॉबवरनं आठवलं, आमच्या एका मित्राचं सिल्लोडकडं शेत, मका भरपूर. त्यानं घरच्याच कणसाचा पाईप करून बघितला आणि तिसऱ्या झुरक्याला बुडाशी भोक पडलं. आपल्या मक्याच्या कणसाचा गाभा मऊ आणि भुसभुशीत असतो. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून हे पाईप बनतायत, तिथं जाड आणि टणक कणसाचं खास वाण लावतात, कणसं बराच काळ वाळवतात आणि बाहेरनं प्लास्टर लावून खाचा बुजवतात. तेव्हा घरचा मका भाजूनच खावा.

वेळ आणि तंबाखू यांचा मेळ नसणं

सकाळी चहा-पोह्यानंतर हलकी व्हर्जिनिया जातीची तंबाखू. तिच्यात साखर नैसर्गिक असते, वास वाळलेल्या गवतासारखा गोडसर, पण गरम पटकन होते आणि जीभ चावणारी तंबाखू म्हणजे हीच, म्हणून सकाळच्या गार हवेत, गच्चीवर, सावकाश. उपाशीपोटी अजिबात नाही. जड तंबाखू रिकाम्या पोटी ओढली की घाम फुटतो, उचकी लागते, मळमळतं. तसं झालं तर पाईप खाली ठेवायचा, मोकळ्या हवेत बसायचं, गुळाचा खडा आणि पाणी घ्यायचं आणि त्या दिवशी परत हात लावायचा नाही.

दुपारचा पाईप उन्हाळ्यात सोडूनच द्या असं माझं स्पष्ट मत आहे. आधीच अंगात पाणी कमी, तोंड कोरडं, हवा तापलेली, त्यात निखारा तोंडाजवळ. पावसाळ्यात, हिवाळ्यात बर्ली जातीची तंबाखू चालते, तिच्यात साखर कमी, चव थोडी शेंगदाण्याच्या टरफलासारखी, ताकासोबत बरी जाते.

रात्रीची गोष्ट वेगळी. भाकरी आणि येसर आमटी खाऊन झाल्यावर हलकी व्हर्जिनिया लागतच नाही, तोंडात मसाला असतो ना. तेव्हा लताकिया. सिरियातल्या लताकिया बंदरावरनं नाव पडलंय, पानं लाकडाच्या आणि सुगंधी झुडपांच्या धुरावर वाळवतात म्हणून तिला धुराचा वास. परभणीजवळ एका मित्राच्या शेतात हुरड्याला गेलो होतो, डिसेंबर होता, गोवऱ्यांची आगटी पेटलेली, मी डबा उघडला तर त्याचे आजोबा वास घेऊन म्हणाले, "आगटीवानीच वास येऊ लागलाय की रे याचा, काय भाजून आणलंस?" मी त्यांना चिमूटभर हातावर दिली, त्यांनी ती बोटानं चोळली, परत वास घेतला आणि डब्यात परत टाकली. लताकियाचं इतकं नेमकं वर्णन मी तरी दुसरीकडं ऐकलं नाही.

पण त्याच लताकियाचा वास पाईपमध्ये असा मुरतो की पुढं महिनाभर सकाळच्या व्हर्जिनियाला आगटीचा वास. म्हणून लताकियाचा पाईप वेगळाच ठेवा, हे पहिल्या दिवसापासून पाळा. पाळलं नाही तर काय करायचं ते खाली आहे.

ओली भरणं, कोरडी भरणं

चिमटीत दाबून बघा. गोळाच झाला तर ओली, सुटून हळूहळू उलगडली तर बरोबर, चुरा झाला तर कोरडी. गोड वासाच्या अ‍ॅरोमॅटिक तंबाख्या बहुतेक ओल्याच येतात, त्या कागदावर पसरून ठेवा. किती वेळ, तर व्हिडिओत तासभर सांगतात, आपल्याकडं एप्रिलमध्ये पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं लई झाली, मी एकदा फोनवर बोलत बसलो आणि अर्ध्या तासानं येऊन बघतो तर ओव्याचा चुरा.

साठवण काचेच्या बरणीत, रबर असलेल्या घट्ट झाकणाची. लोणच्याची जुनी बरणी नको. कितीही धुवा, हिंग-मोहरीचा वास झाकणाच्या रबरात राहतो आणि तंबाखू तो ओढून घेते. कोरडी पडली म्हणून बटाट्याची फोड किंवा सफरचंद टाकून ठेवायचा सल्ला पण बरेच देतात, तो ऐकू नका, चार दिवसात बुरशी. ओलं स्वच्छ कापड बरणीच्या तोंडावर तासभर टाका, तंबाखूला लागू न देता, परत चिमटीत बघा, जमेपर्यंत असंच. आणि बरणी कूलरजवळच्या कपाटात ठेवू नका, तिथली दमट हवा आणि आषाढ-श्रावणातली हवा सारखीच.

पांढरं दिसलं की लगेच फेकू पण नका. जुन्या व्हर्जिनियावर चकचकीत बारीक कण येतात, उजेडात फिरवलं की चमकतात, ते चांगलं लक्षण. बुरशी कापसासारखी लोंबते आणि कुबट वास मारते. तसं असेल तर सगळी बरणी फेकायची, वरचं काढून खालचं वापरू असं करायचं नाही.

हे पण सांगून ठेवतो कारण गावाकडं हमखास होतं: बिडीची तंबाखू, मळायची तंबाखू किंवा हुक्क्याचा गुडाखू पाईपमध्ये भरू नका. गुडाखूत गूळ-काकवी असते, तो कोळशाच्या आचेवर तापवायचा माल आहे, पाईपमध्ये तो उकळतो आणि नळी चिकटून बसते. बिडीची तंबाखू इतकी कडक की डोकं गरगरतं.

भरणं, पेटवणं, जीभ पोळणं

तीन चिमट्यांत भरा. पहिली नुसती सोडायची, दुसरी हलकी दाबायची, तिसरी थोडी जोर लावून. मग न पेटवता ओढून बघायचं, स्ट्रॉनं ताक पितो तितकाच जोर लागला पाहिजे. जास्त लागला तर सगळी काढून परत भरा, टोचत बसू नका, टोचून कधी नीट होत नाही.

पहिली काडी खोटी असते. तंबाखू फुगून वर येते, टॅम्परनं, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांड्यानं, हलकेच बसवायची, मग दुसरी काडी. काडी पेटल्यावर गंधक जळून जाऊ द्या, पेट्रोलच्या लायटरचा तर वास उतरतो. मध्ये तीन-चार वेळा विझला तर विझू द्या, परत पेटवा, त्यात कमीपणा नाही. विझू नये म्हणून जे लोक भसाभस ओढतात त्यांचीच जीभ पोळते. पंख्याखाली, कूलरसमोर, गाडीवर मागं बसून ओढला की वारा भट्टीच्या भात्यासारखं काम करतो. बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, गालाला लावून बघा, चटका बसला तर खाली ठेवा, पाच मिनिटं गप्प बसा.

आता हे महत्त्वाचं. पाईपची पोळलेली जीभ दोन-तीन दिवसात बरी होते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, जखम, गाठ दोन आठवड्यांच्या वर राहिली तर ती पाईपनं पोळलीय असं म्हणून बसू नका, दात-तोंडाच्या डॉक्टरला दाखवा. धूर छातीत घेत नाही म्हणून काही होत नाही हा लई जणांचा गैरसमज आहे, पाईपच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या कातडीतनंच शोषलं जातं आणि ओठ, तोंड, घसा यांच्या कॅन्सरचा धोका पाईपनं पण वाढतो. आपल्या भागात तंबाखूनं तोंड गेलेला माणूस प्रत्येक गावात आहे, संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलच्या बाकावर एक सकाळ बसून बघा. जो ओढत नाही त्यानं हे वाचून सुरू करू नये, मी मनापासून सांगतोय. मी स्वतः दिवसाला दोनच्या वर जात नाही आणि घरात, लेकरांसमोर कधीच नाही. सार्वजनिक ठिकाणी तर २ ऑक्टोबर २००८ पासून बंदीच आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड. सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ वर मोफत मदत मिळते.

गुडगुड, केक आणि साफसफाई

गुडगुड म्हणजे नळीत पाणी साठलं. ओढतानाच पाईप क्लीनर, म्हणजे लव असलेली बारीक तार, स्टेममधनं, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतनं, आत घालून दोन सेकंद ठेवा, ओलं शोषून येतं. पण त्यासाठी गरम पाईपची स्टेम ओढून काढू नका! लाकूड तापून फुगलेलं असतं, आतला खुंट मोडतो किंवा दांडीला तडा जातो. काकांच्या पाईपला जो तडा आहे तो माझ्या हातानं असाच गेलेला आहे आणि तो बघितला की अजून वाईट वाटतं. पूर्ण गार झाल्यावर पिळत पिळत काढायची.

बाऊलच्या आत काजळीचा थर जमतो त्याला केक म्हणतात, दीड मिलिमीटरपर्यंत तो पाहिजेच, लाकडाला वाचवतो. त्यापेक्षा जाड झाला तर गरम होऊन फुगतो आणि बाऊल तडकवतो. चाकूनं खरवडू नका, जाड सँडपेपर बोटाला गुंडाळून हळूहळू फिरवा. मीरशॉमच्या, म्हणजे तुर्कस्तानातल्या त्या पांढऱ्या दगडाच्या पाईपमध्ये मात्र केक होऊच द्यायचा नाही, दरवेळी पुसून काढायचा.

वास मुरला असेल तर क्लीनर व्होडकात किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून नळी साफ करा, बाऊलमध्ये कापसाचा बोळा भरून त्यावर थोडं टाका, रात्रभर ठेवा, सकाळी बोळा तपकिरी झालेला दिसेल. मग आठवडाभर वाळवा. हार्डवेअरच्या दुकानातलं मेथिलेटेड स्पिरिट नको, त्यात मिथेनॉल असतं आणि ही वस्तू तोंडात जाते. काळी व्हल्कनाईटची, म्हणजे कडक रबराची, स्टेम गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर ऊन खाऊन हिरवट-तपकिरी होते आणि रबरासारखी चव लागते, तेव्हा पाईप कापडाच्या थैलीत, सावलीत.

रात्रीचा पाईप झाला की क्लीनर फिरवायचा, गार झाल्यावर राख काढायची, बाऊल खाली करून उभा ठेवायचा. राख कुठं टाकता ते मात्र बघा. शेतात, वाड्यावर, गोठ्याजवळ बसला असाल तर बाऊल कशावर आपटून झाडू नका. वरनं राख दिसते, आत एखादा कण लाल असतो आणि मे महिन्यात कडब्याच्या गंजीला तेवढा पुरतो. मी जुन्या तांब्यात बोटभर पाणी घेऊन बसतो, राख त्यात टाकतो, चुर्र आवाज आला नाही तरी सकाळपर्यंत तशीच ठेवतो.