अडचणीच्या दिवसात देवाला धरून कसं राहायचं, तेही एका वेळी एकच दिवस

ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या आमच्या नवी मुंबईच्या पट्ट्यात चर्चमध्ये प्रार्थनेसाठी ज्या विनंत्या येतात ना त्या बघितल्या की त्याच त्याच गोष्टी परत परत दिसतात, महापेच्या कंपनीतून कमी केलं, घरात कॅन्सर निघाला आणि आता खारघरला टाटाच्या सेंटरला फेऱ्या चालू आहेत, फ्लॅटचा हप्ता थकलाय, मुलगी लग्न मोडून घरी आलीये. आणि प्रत्येकाला कोणीतरी सांगून गेलेलं असतं की "विश्वास ठेवा, देव बघून घेईल". वाक्य खरं आहे हो, पण ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं, सकाळी उठल्यावर काय, रात्री झोप लागत नाही तेव्हा काय, हे कोणी सांगत नाही. आमच्या घरात हे सगळं येऊन गेलंय आणि चर्चच्या मंडळीतल्या बऱ्याच घरात मी जाऊन बसलेय, त्यावरून जे टिकतं ते लिहितेय.

सगळ्यात आधी जेवा आणि झोपा. हे अध्यात्मिक वाटत नाही ना, पण पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हेच पहिलं आहे. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली जाऊन पडला आणि देवाला म्हणाला आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला लेक्चर दिलं नाही, विश्वास कमी पडला म्हणून रागावला नाही. दूत आला, त्याने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो खाऊन परत झोपला, दूताने परत उठवून परत खायला घातलं, म्हणाला तुला लांब जायचंय. देव त्याच्याशी बोलला तो नंतर, होरेब डोंगरावर, आणि तेही मंद आवाजात. म्हणून दोन रात्री जागून काढलेल्या माणसाने "मला देव जवळ वाटतच नाही" यावर विचार करत बसू नये, आधी वरणभात खाऊन झोपावं, कोणी डबा आणून देत असेल तर संकोच न करता घ्यावा.

मग देवाशी खरं बोलायचं. आपल्याकडे काय होतं की प्रार्थना सुरू झाली की आपली भाषाच बदलते, हे परमप्रिय स्वर्गीय पित्या, तुझे उपकार मानतो, आणि आत मनात तर आग लागलेली असते. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा, अर्धी स्तोत्रं तक्रारच करतायत असं वाटेल. तेरावं स्तोत्र सुरूच होतं की देवा अजून किती वेळ, तू मला कायमचा विसरलास काय. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, त्यात शेवटी सगळं ठीक झालं असं काही येत नाही, तरी ते शास्त्रात ठेवलंय. आणि प्रभू येशू स्वतः वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचेच शब्द बोलला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्याने हे म्हटलं तर तुम्ही म्हणायला हरकत काय. ओरडायचं तर ओरडा, रडायचं तर रडा, फक्त ते देवाच्या तोंडावर करा, त्याच्याकडे पाठ फिरवून नको, मला वाटतं विश्वास असलेला आणि विश्वास सोडलेला यात फरक असलाच तर तिथे आहे.

घरात जागा नसते हे मला माहितीये, वन आरकेमध्ये चौघं राहतात तिथे मोठ्याने प्रार्थना कुठे करणार. बाथरूममध्ये नळ सोडून करतात लोक, गच्चीवर जातात, मला एक ताई माहितीयेत त्या ठाणे-वाशी लोकलमध्ये दरवाज्याजवळ उभ्या राहून तोंडाला रुमाल लावून पुटपुटत जातात, तुर्भे येईपर्यंत त्यांचं बोलून होतं, लोकांना वाटतं फोनवर आहेत.

आता मुख्य गोष्ट, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या मते सगळं इथेच आहे. देवावर अवलंबून राहायचं ते आजच्या दिवसापुरतं. पुढच्या वर्षापुरतं नाही, कर्ज फिटेपर्यंतचं नाही, आजचं. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून पाठवलेलं अन्न, मिळायचा तो रोजच्या रोज, ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवला त्याच्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. चाळीस वर्षं देवाने त्यांना असंच खायला घातलं, एकदम कोठार भरून दिलं नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" म्हणतो. आणि डोंगरावरच्या प्रवचनात तर सरळच आहे, "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे". चिंता नेमकी उलटं करते, ती पुढच्या सहा महिन्यांची दुःखं आजच्या रात्री आणून टाकते, आणि त्या सहा महिन्यांची कृपा अजून मिळालेलीच नसते, मग माणूस मोडतो.

हे करायचं कसं ते सांगते. एक साधी वही घ्या, मुलांची जुनी अर्धी कोरी असेल ती चालेल. सकाळी चहा पिताना पानाच्या मधे रेघ मारा. डावीकडे फक्त आज करायच्या गोष्टी, उजवीकडे जे आज आपल्या हातात नाही ते सगळं. समजा नोकरी गेलीये आणि पाच तारखेला हप्ता आहे. डावीकडे येईल बँकेला फोन करून हप्ता पुढे ढकलता येईल का किंवा कमी करून मुदत वाढवता येईल का विचारणे, जुन्या दोन सहकाऱ्यांना मेसेज, पीएफचं बघणे, दूध आणणे. हप्ता चुकायच्या आधी बँकेशी बोललेलं कधीही बरं, चुकल्यावर बोलणं अवघड जातं. उजवीकडे येईल नोकरी कधी लागेल, मुलाची फी, लोक काय म्हणतील, आईचा रिपोर्ट काय येईल. मग उजव्या बाजूवर हात ठेवून मोठ्याने म्हणायचं प्रभू हे तुझं, मी आज याला हात लावणार नाही, आणि डाव्या बाजूवर हात ठेवून म्हणायचं याच्यासाठी मला आज बळ दे. झालं, आमेन. दिवसभरात उजवीकडचं काही डोक्यात आलंच, येणारच, तर परत तेवढंच म्हणायचं की हे दिलेलं आहे. रात्री झोपताना त्याच पानाच्या खाली आज काय मिळालं ते एका ओळीत, अगदी कोणी रिक्षाचे पैसे दिले, आज उलटी झाली नाही, पेशंटने अर्धी पोळी खाल्ली, असलं. महिन्याभराने ती पानं मागे उलटून वाचा, देव कुठे होता ते दिसायला लागतं, त्या त्या दिवशी दिसलेलं नसतं.

काही लोक म्हणतील देवावर सोडलं तर मग फोन कशाला करायचे, शांत बसावं. असं नाही हो. मान्ना आकाशातून पडायचा पण गोळा करायला पहाटे उठून जावंच लागायचं.

प्रार्थना सुचतच नाही असे दिवस येतात, विशेषतः हॉस्पिटलमध्ये. तेव्हा आपले शब्द शोधू नका, तयार शब्द घ्या. तेविसावं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही", सगळं पाठ नसेल तर एवढंच. कॅथलिक असाल तर हातात जपमाळ घ्या. बेचाळिसाव्या स्तोत्रातला माणूस तर स्वतःच्या जिवालाच विचारतो, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" आणि त्यालाच सांगतो देवाची आशा धर, हे मी केमोच्या बाकावर बसून सासूबाईंच्या कानात म्हटलेलं आहे, त्या डोळे मिटून मान हलवायच्या, बोलायची ताकद नव्हती पण शब्द ओळखीचे होते त्यांच्या.

माणसांना सांगा. हे आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं, अब्रू जाते असं वाटतं, रविवारी उपासनेला इस्त्रीचे कपडे घालून येतात आणि कसं चाललंय विचारलं की प्रभूची कृपा म्हणतात आणि घरी गॅस संपलेला असतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने सुद्धा पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना बरोबर घेतलं आणि सांगितलं माझा जीव अति खिन्न झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले ही वेगळी गोष्ट, पण त्याने सांगितलं. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात थकले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी धरून ठेवले सूर्य मावळेपर्यंत. म्हणून सगळ्या ग्रुपवर टाकायची गरज नाही, दोन माणसं निवडा, एक पाळकसाहेब किंवा फादर आणि एक जवळचं कोणी जे बोलतं कमी, आणि नक्की काय हवंय ते सांगा. "प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढ्यावर थांबू नका, मंगळवारी आईला खारघरला न्यायला कोणी येईल का असं विचारा. प्रेषित पौल "एकमेकांची ओझी वाहा" लिहितो ते वाहायला ओझं दिसायला तर पाहिजे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कोणी म्हणालं की विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, किंवा इतके पैसे पेरा म्हणजे इतके पट मिळतील, तिथून उठून चालायला लागा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा आहे, औषध टाकून द्या असं कुठेही नाही. आणि कर्जात बुडालेल्या माणसाकडून आशीर्वादाच्या नावाने पैसे काढणं हे पाप आहे, मग तो स्टेजवरून कितीही छान गात असो. मन फारच खचलं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर १४४१६ ला फोन लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. तो फोन करणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही, एलीयाला पाठवलेली भाकरच आहे ती.

आणि मागितलं ते मिळालं नाही तर? याला बगल देऊन मला लिहिता येणार नाही कारण आमच्या घरात सासूबाई वाचल्या नाहीत. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, काढला गेला नाही, उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे आहे. बागेत प्रभूने हा प्याला टळू दे म्हटलं, टळला नाही. आणि आपण ठाण्याची माणसं, आपल्याच गावात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस, चीनकडे निघाले होते, वाटेत इथे थांबले होते. त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल. पंडिता रमाबाईंचं बघा, तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. ख्रिस्ताकडे आल्यावर दुःख थांबलं का, नाही, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायकांना सांभाळलं आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या स्वतः १९२२ मध्ये गेल्या, मधले ते महिने बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या. मुलगी का नेली याचं उत्तर मिळालं म्हणून नव्हे, रोजचं काम आणि रोजचा देव होता म्हणून, असं मी तरी समजते.

तेव्हा दुःखात असलेल्याला "देवाची योजना असेल" हे लगेच म्हणू नका, कृपा करून. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोपर्यंत चांगले होते, तोंड उघडलं आणि बिघडलं.

रविवारी जावंसं वाटणार नाही तरी जा, मागच्या बाकावर बसा, गीत म्हणवत नसेल तर म्हणू नका, तुमच्या वतीने मंडळी म्हणतेय. साक्ष द्या, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगा, म्हणून कोणी आग्रह केला तर अजून चालू आहे, नंतर देईन, एवढं सांगून बसा. अगदीच घराबाहेर पडता येत नसेल तर पाळकसाहेबांना घरी प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घेऊन यायला सांगा, ते येतात, त्यासाठी घर आवरलेलं असायची गरज नाही.