मेंदूतील रक्तस्रावानंतर उशाशी बसणाऱ्यांसाठी

मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा फुटला, कवटी उघडून त्याला क्लिप लावली किंवा जांघेतून नळी घालून बारीक तारेच्या कॉइलने तो बंद केला, आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचे सांगितले, की कोकणातून आलेल्या माणसांपैकी निम्मी त्याच रात्री घाट उतरून परत जातात. न्यूरो विभागात परिचारिका म्हणून काम करताना मी हे पुष्कळदा पाहिले आहे. भातशेती, गुरे, बंद घर ही कारणे मला समजतात, कारण माझेही गाव तिकडचेच. पण ज्या आठवड्यात तुमच्या डोळ्यांची खरी गरज लागणार असते, तो आठवडा तेव्हा सुरूही झालेला नसतो.

फुगा फुटल्यावर रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरते. ते विघटित होऊ लागले, की त्यातून सुटणारी द्रव्ये धमन्यांना बाहेरून लागतात आणि धमन्या आखडतात. यालाच डॉक्टर व्हेसोस्पाझम म्हणतात. तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो, सातव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि दोन ते तीन आठवड्यांत ओसरतो. अँजिओग्राफीत पाहिले तर सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या धमन्या अरुंद झालेल्या दिसतात. प्रत्यक्ष त्रास मात्र साधारण तिघांतल्या एकाला होतो.

हे दिवस ऑपरेशनपासून मोजायचे नसतात, तर डोके पहिल्यांदा दुखले त्या क्षणापासून मोजायचे असतात. नातेवाइकांची सर्वाधिक गफलत इथेच होते. ही डोकेदुखी काही सेकंदांत, फार तर मिनिटाभरात, आयुष्यात कधी नव्हती इतकी तीव्र होते, सोबत उलटी होते, मान आखडते. घरी तिला पित्त किंवा ऊन लागणे समजून कपाळावर सुंठ उगाळून लावली जाते आणि एखादा दिवस निघून जातो. अशी डोकेदुखी झाल्यास ॲस्पिरिन देऊ नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे सीटी स्कॅन होतो तिथे थेट जावे, कारण फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. देवाला गाऱ्हाणे अवश्य घालावे, पण गाडी सुटल्यावर. निघण्यापूर्वी डोके दुखू लागल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी. कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्यातले बांबोळी, कुठेही नेले तरी पहिला प्रश्न तोच येतो.

चौथ्या दिवसापासून उशाशी असे माणूस बसवावे, ज्याला रुग्णाचा स्वभाव ठाऊक आहे. मॉनिटरवर नाडी दिसते, रक्तदाब दिसतो, पण माणूस नेहमीसारखा बोलतो आहे की नाही, हे त्यावर दिसत नाही. गुहागरकडच्या एका आजींची सून आठव्या दिवशी दुपारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, आई आज वाद घालत नाहीत." सकाळी स्वतःच्या हाताने वाटीतून पेज प्यायलेल्या आजी आता प्रत्येक प्रश्नाला नुसते "हो" म्हणत होत्या. आज वार कोणता, "हो". पेज हवी का, "हो". दोन्ही हात समोर धरायला लावले तेव्हा उजवा हात हळूहळू खाली आला. डॉक्टरांनी रक्तदाब वाढवण्याचे औषध सुरू केले, संध्याकाळी नळीवाटे थेट धमनीत औषध सोडले, आणि दोन दिवसांनी आजींनी पेजेत मीठ कमी असल्याची तक्रार केली. सुनेने भेटीची वेळ संपेपर्यंत वाट पाहिली असती, तर ती तक्रार कदाचित ऐकायला मिळाली नसती.

म्हणून जागेपणी दर दोन-तीन तासांनी रुग्णाला नाव आणि जागा विचारावी, दोन्ही हात डोळे मिटून समोर धरायला सांगावे, हसायला लावून ओठ एका बाजूला ओढला जातो का ते पाहावे, आणि वहीत वेळेसह लिहावे. जास्त झोप येणे, उगाच चिडणे, शब्द न सापडणे, हातातली वस्तू निसटणे, यांतले काहीही नवे दिसले तर "थकले असतील" म्हणून सोडून न देता लगेच नर्सला सांगावे. गावाकडे ज्याला अंगावरून वारे जाणे म्हणतात, तेच इथे काही तासांत हळूहळू येऊ शकते. फरक इतकाच की वेळेत कळले तर ते बरेचदा परतवता येते. रोज डोक्याला प्रोब लावून धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजणारी तपासणी म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉप्लर, जी संशोधक रुने आस्लिड यांनी १९८२ मध्ये पुढे आणली. मेंदूच्या मधल्या धमनीतला रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटिमीटरपलीकडे गेला की संशय घेतात आणि २०० पलीकडे गेला की आकुंचन तीव्र मानतात. आकडा विचारून वहीत लिहावा, मात्र नुसत्या आकड्याने घाबरून जाऊ नये.

धमन्या आखडल्याने मेंदूचे होणारे नुकसान कमी व्हावे म्हणून निमोडिपिन ही गोळी बहुतेक रुग्णांना २१ दिवस, दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम या प्रमाणात दिली जाते. यात रात्री दोनचाही डोस आला, आणि चुकतो तो बहुधा तोच. रक्तदाब फार उतरला तर डॉक्टर तीच मात्रा विभागून दर दोन तासांनी ३० मिलिग्रॅम देतात. हा बदल स्वतःच्या मनाने करू नये. गोळ्या चालू असताना ग्रेपफ्रूट वर्ज्य असते, आणि त्याच कुळातले असल्याने परसातले पपनसही आणू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगते. घरून आणलेली रक्तदाबाची जुनी गोळी पर्समधून काढून गुपचूप देणारी माणसे मी पाहिली आहेत. या दिवसांत आखडलेल्या धमनीतून रक्त पुढे ढकलायला दाब लागतो, म्हणून ती गोळी अनेकदा मुद्दाम थांबवलेली असते. पाण्याचेही तसेच आहे: रक्तातले सोडियम उतरले म्हणून पाणी तोडू नये, उपवास करू देऊ नये, आणि मीठ किती द्यायचे ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

अशीच अचानक भडकणारी डोकेदुखी आठवडा-दोन आठवडे पुन्हा पुन्हा येत असेल, विशेषतः बाळंतिणीला किंवा सर्दीच्या स्यूडोएफेड्रिनयुक्त गोळ्या घेणाऱ्याला, तर फुगा नसतानाही धमन्या आखडण्याचा दुसरा विकार असू शकतो. तो बहुधा तीन महिन्यांत निवळतो, पण तोही तपासणीशिवाय ओळखता येत नाही.

पावसाळ्यात दरड कोसळून आंबा किंवा फोंडा घाट बंद पडतो, म्हणून २१ दिवस पुरे होण्याआधी घरी सोडले तर शक्यतो रुग्णालयाच्या जवळच खोली घेऊन राहावे. जाणे भागच असेल, तर उरलेल्या गोळ्या शहरातूनच मोजून घ्याव्यात, कारण तालुक्याच्या दुकानात त्या मिळतीलच असे नाही. ३० मिलिग्रॅमच्या दिवसाला बारा गोळ्या लागतात. सोळा दिवसांचा कोर्स संपवून निघालात, तर पिशवीत साठ गोळ्या असायला हव्यात.