भीमेकाठची उपकरणे सोलापूरशी जोडण्यापूर्वीची तयारी

भीमेकाठच्या पंपघरांतील प्रवाहमापक आणि पातळीमापक सोलापुरातील नियंत्रण कक्षाशी जोडायचे असतील, तर पाहणीच्या फेरीतच प्रत्येक उपकरणाचा मॉडबस (उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत) पत्ता, बॉड रेट (संदेशाचा वेग), पॅरिटी (चूक तपासणारा बिट) आणि स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारा बिट) त्याच्या मेनूतून पाहून वहीत उतरवून घ्यावेत. माहितीपुस्तिकेवर विसंबू नये, कारण आधीच्या ठेकेदाराने उपकरणाच्या या मूल्यांत बदल केलेला असू शकतो. एकाच तारेवर दोन उपकरणांचा पत्ता सारखा निघाला, तर दोन्ही एकदम उत्तर देतात आणि एकाचेही कळत नाही. आरएस-४८५ (उपकरणे एकाच तारेवर जोडण्याचे मानक) ची तार १२०० मीटरपर्यंत नेता येते. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक हवा. तिच्यातील दोन तारांची ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, म्हणून उत्तर येत नसेल तर आधी तारांची अदलाबदल करून पाहावी.

पंपघरातून कक्षापर्यंत संदेश नेणारा सिमवरचा मॉडेम पेटीत बसतो, म्हणून सिमची रेंज पंपघराच्या दारात नव्हे, तर त्या पेटीचे झाकण लावून तपासावी. साध्या सिमला बहुधा खासगी आयपी (इंटरनेटवरचा) पत्ता मिळतो आणि कक्षातून त्याच्याशी संपर्क सुरू करता येत नाही, म्हणून मॉडेमनेच सर्व्हरशी जोडणी करावी किंवा खासगी एपीएन (मोबाइल कंपनीकडून मिळणारे स्वतंत्र बंद नेटवर्क) घ्यावा. मॉडबसला पासवर्डच नसतो. त्याचे ५०२ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे पंपघराला कुलूप न लावणे होय.

सर्वाधिक काळजी वेळेची घ्यावी. मॉडबस आरटीयूमध्ये (तारेवरच्या मॉडबसमध्ये) साडेतीन अक्षरांइतकी शांतता म्हणजे संदेशाचा शेवट, आणि ९६०० च्या वेगाला ही शांतता जेमतेम ४ मिलिसेकंदांची असते. मोबाइल नेटवर्कवर संदेशाचा उरलेला भाग अर्ध्या सेकंदानेही येऊ शकतो. मग सर्व काही शाबूत असूनही कक्षात केवळ त्रुटी दिसतात. म्हणून संदेशाचे रूपांतर मॉडबस टीसीपीत (नेटवर्कवरच्या मॉडबसमध्ये) करणारा गेटवे घ्यावा, किंवा मॉडेमला पूर्ण संदेश एकत्र पाठवायला लावून टाइमआउट काही सेकंदांचा ठेवावा. ही जोडणी कार्यालयातील टेबलावर खऱ्या सिमनिशी रात्रभर चालवून पाहिल्याशिवाय गाडीत सामान भरूच नये.

रेंज नसलेल्या ठिकाणी रेडिओ मॉडेम लावावा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ वॉटपर्यंतच्या प्रक्षेपकाला परवाना लागत नाही. पाच किलोमीटरच्या टप्प्यात मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे १३ मीटर मोकळीक लागते, त्यामुळे खांबाची उंची ठरवताना तोडणी झालेले रान न पाहता उभा ऊस आणि बांधावरची झाडे हिशेबात धरावीत.

पेटी सावलीत बसवावी, कारण सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरच ४० अंशांच्या वर तापमान जाते आणि लोखंडी पेटीत ते आणखी चढते. पंप सुरू होताना व्होल्टेज खाली येऊन मॉडेम बंद पडू नये म्हणून १२ व्होल्टची बॅटरी जोडावी. अँटेनाचा तडितरोधक आणि अर्थिंग वळवाच्या पावसाआधी पूर्ण करावे. पिशवीत मल्टिमीटर, यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचे सिम, जोडांवर गुंडाळायची जलरोधक टेप आणि ती वही घ्यावी. वहीतील नोंदींची एक प्रत पेटीच्या दारावर आतून चिकटवावी.