पहिलं अ‍ॅप: एक आकडा सांभाळून दाखवा

अ‍ॅप बनवायला शिकायचं ठरवलेले बरेच जण भाषेच्या निवडीतच अडकतात. हाताशी अँड्रॉइड फोन आणि विंडोज किंवा लिनक्सचा कॉम्प्युटर असेल तर कोटलिन घ्या. मॅक आणि आयफोन असेल तर स्विफ्ट. एकाच कोडमधून दोन्हीकडे चालणारं अ‍ॅप हवं असेल तर फ्लटर (त्याची भाषा डार्ट), पण आयफोनसाठी बिल्ड करायला, म्हणजे कोडमधून चालणारं अ‍ॅप तयार करायला, तिथेही मॅक लागतोच. एक भाषा आली की दुसरी निम्म्या कष्टात येते, तेव्हा यात फार डोकं शिणवू नका. खालचं सगळं कोटलिन धरून लिहिलं आहे. कोडमधले शब्द इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचे.

पहिले दहा-पंधरा दिवस काहीच इन्स्टॉल करू नका. ब्राउझरमध्ये कोटलिन प्लेग्राउंड उघडा आणि व्हेरिएबल, इफ, लूप, फंक्शन, लिस्ट एवढंच गिरवा. रोज तासभर पुरे. छोटे प्रश्न सोडवा: लिस्टमधला सगळ्यात मोठा आकडा शोधा, सम आकड्यांची बेरीज करा. सात भागिले दोन केल्यावर उत्तर तीन का येतं, हे तिथेच कळू द्या (दोन्ही आकडे पूर्णांक असले की अपूर्णांक गळून पडतो). व्हॅल (किंमत बदलता येत नाही) आणि व्हार (बदलता येते) यांतला फरकही इथेच पक्का करा.

मग अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे कोड लिहून अ‍ॅप तयार करायचं सॉफ्टवेअर. किमान ८ जीबी रॅम लागते. एम्युलेटरही (कॉम्प्युटरवरचा आभासी फोन) चालवायचा असेल तर १६ जीबी हवी. रॅम कमी असेल तर सरळ खरा फोन जोडा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबर सात वेळा टॅप केला की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डिबगिंग चालू करा. तरीही फोन दिसला नाही तर आधी केबल बदला. नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलमधून डेटा जात नाही आणि यात लोकांची अख्खी संध्याकाळ जाते. प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव मराठीत ठेवू नका, विंडोजवर त्याने बिल्ड अडू शकतं. टेम्प्लेट ‘एम्प्टी अ‍ॅक्टिव्हिटी’ निवडा. ‘एम्प्टी व्ह्यूज अ‍ॅक्टिव्हिटी’ जुन्या पद्धतीचं आहे. पहिल्यांदा ग्रेडल (बिल्ड करणारं साधन) बरंच काही डाउनलोड करतं, ते मध्येच बंद करू नका. व्हर्जन अपग्रेड करा म्हणून सूचना येतील, त्यांच्याकडे सध्या दुर्लक्ष करा.

आता खरा अभ्यास. दिवसात किती ग्लास पाणी प्यायलं ते मोजणारं अ‍ॅप करा: एका कॉलममध्ये वर आकडा, खाली बटण. बटण दाबलं की आकडा एकने वाढावा. दिसतं सोपं, पण हा आकडा चार वेळा हातातून निसटतो, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं असतं. चारही चुका मुद्दाम करून बघा.

पहिल्यांदा आकडा साध्या व्हारमध्ये ठेवा. बटण दाबा. मेमरीतला आकडा वाढतो, पडद्यावर शून्यच. जेटपॅक कंपोजला (अँड्रॉइडवर पडदा काढणाऱ्या लायब्ररीला) बदल झाल्याचं कुणी सांगितलंच नाही, म्हणून त्याने पडदा पुन्हा काढला नाही.

मग तोच आकडा म्यूटेबल-स्टेट-ऑफमध्ये ठेवा. स्टुडिओ खाली लाल रेघ मारेल, तरी चालवून बघा. पुन्हा शून्य! आता बदल कळला, पडदा पुन्हा काढला गेला, पण त्यासाठी तुमचं फंक्शन पहिल्या ओळीपासून परत चाललं आणि पहिल्याच ओळीत आकडा शून्य केलेला आहे.

तिसऱ्यांदा त्याला रिमेंबरमध्ये गुंडाळा. आकडा वाढायला लागेल. आता ऑटो-रोटेट चालू करून फोन आडवा करा. गेला. फोन फिरला की अँड्रॉइड एरवी अ‍ॅक्टिव्हिटी (चालू पडदा सांभाळणारा भाग) मोडून नव्याने उभी करतं, रिमेंबरची आठवण तिच्यासोबत जाते.

रिमेंबर-सेव्हेबल वापरलं की फोन फिरवल्यावरही आकडा टिकतो. पण रीसेंट्समधून अ‍ॅप सरकवून बंद करा आणि परत उघडा. चौथं शून्य. आता मात्र आकडा फोनच्या स्टोरेजमध्येच लिहायला हवा. त्यासाठी हल्ली डेटास्टोअर सुचवलं जातं, पण त्याला कोरूटीन (कामं मागच्या मागे चालवायची कोटलिनची सोय) समजावं लागतं. पहिल्या अ‍ॅपपुरतं शेअर्ड प्रेफरन्सेस (साठवायची जुनी, सोपी सोय) बेलाशक वापरा.

हे चार टप्पे स्वतःच्या शब्दांत सांगता आले की पुढचे निम्मे बग ओळखीचे वाटतील. एआयला विचारून चौथ्या टप्प्याचा तयार कोड लगेच मिळतो, पण मग तो बिघडल्यावर कुठे बघायचं ते कळत नाही. कोड मागण्याऐवजी आलेल्या एररचा अर्थ विचारा.

एरर वाचायचीही पद्धत असते. अ‍ॅप क्रॅश झालं की लॉगकॅटमध्ये (स्टुडिओतली नोंदींची खिडकी) लाल मजकुराची रांग येते. त्यात ‘कॉज्ड बाय’ शोधा, अनेक असतील तर शेवटचं बघा, आणि त्याच्याखाली तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे आलंय त्या ओळीवर क्लिक करा. बाकीची रांग बहुतेक वेळा अँड्रॉइडच्या आतल्या कारभाराची असते. कोड बरोबर असूनही शब्द लाल दिसत असेल तर बहुधा इम्पोर्ट (दुसरीकडचा कोड फाइलीत आणणारी ओळ) राहिलाय: कर्सर ठेवून ऑल्ट आणि एंटर. एकाच नावाचे अनेक पर्याय आले तर पडद्यावरच्या गोष्टींसाठी कंपोजचा घ्या. ‘बाय रिमेंबर’ लिहिल्यावर ‘बाय’ लाल राहिला तर गेट-व्हॅल्यू आणि सेट-व्हॅल्यू हे दोन इम्पोर्ट तपासा.

अ‍ॅप चाललं की लगेच गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट करा, म्हणजे नोंदवून ठेवा, मोडण्याच्या आधी.

पुढचं अ‍ॅप यादीचं: टाकणं, पुसणं, साठवणं. साठवायला रूम (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी). प्ले स्टोअरची घाई नको, पण एक गोष्ट सुरुवातीलाच बघा: अ‍ॅप्लिकेशन आयडी (प्रत्येक अ‍ॅपचं वेगळं ओळखनाव) ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ने सुरू होत असेल तर प्ले स्टोअर तो घेत नाही, आणि एकदा प्रकाशित झाल्यावर आयडी बदलता येत नाही. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांपुरती चाचणी) करून घ्यावं लागतं. ती १२ माणसं आतापासूनच हेरून ठेवा.